आठव्या क्रमांकाची किंमत

१८ जानेवारी १९९८ रोजी ढाक्यात इंडिपेन्डन्स चषकाचा निर्णायक अंतिम सामना झाला. पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग करताना भारताला अखेरच्या दोन चेंडूंवर तीन धावा हव्या होत्या. प्रकाश मंदावत चालला होता, चेंडू सकलेन मुश्ताकच्या हातात होता आणि समोर होता पुण्याचा डावखुरा हृषीकेश कानिटकर, ज्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. त्याने तो चेंडू मिडविकेटच्या दिशेने सीमापार धाडला आणि एकदिवसीय क्रिकेटमधील तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग पूर्ण झाला. त्या डावात सौरव गांगुलीने १२४ आणि रॉबिन सिंगने ८२ धावा केल्या होत्या, कानिटकरच्या नावावर नाबाद ११ होत्या. पुढे तो एकूण ३४ एकदिवसीय सामने खेळला आणि त्यांत त्याने ३३९ धावा केल्या. हे आकडे एखाद्या निवड समितीच्या टेबलावर ठेवले तर त्यांवरून कुणाची नजर क्षणभरही थांबणार नाही, आणि तरीही महाराष्ट्रात त्या काळी क्रिकेट पाहणाऱ्या कोणालाही तो चौकार विसरणे शक्य नाही.

धावफलकावरचे मोल आणि सामन्यातले मोल यांत असे अंतर पडते, आणि ते सर्वांत जास्त पडते ते सहाव्या क्रमांकानंतर येणाऱ्या फलंदाजांच्या बाबतीत. त्यांना आपण सरसकट ‘तळाचे फलंदाज’ किंवा ‘शेपूट’ म्हणतो आणि त्यांच्यातला एखादा सातत्याने सामने जिंकून देऊ लागला की त्याला ‘फिनिशर’ ही पदवी देतो. मात्र शेवटच्या षटकातील षटकार हा या फलंदाजांच्या कामाचा केवळ दिसणारा भाग आहे, असे माझे मत आहे. त्यांच्या कामाचा मोठा भाग ते मैदानात उतरण्यापूर्वीच, पॅड बांधून ड्रेसिंग रूममध्ये बसलेले असतानाच घडून गेलेला असतो.

एकदिवसीय डावात ३०० चेंडू असतात आणि १० विकेट्स असतात. सलामीवीर पहिल्या दहा षटकांत किती जोखीम पत्करतो, तिसरा फलंदाज पंधराव्या षटकात फिरकी गोलंदाजाला पुढे सरसावून मारतो की एकेरी धावेवर समाधान मानतो, हे निर्णय खेळपट्टी आणि गोलंदाज पाहून घेतले जातात हे खरेच. परंतु त्या निर्णयांमागे आणखी एक हिशेब सतत चालू असतो: मी बाद झालो तर मागे कोण आहे? आठव्या क्रमांकावर शतक ठोकण्याची क्षमता असलेला अष्टपैलू बसला असेल तर त्या हिशेबाचे उत्तर एक येते, आणि तिथे केवळ दहा षटके टाकण्यासाठी घेतलेला गोलंदाज असेल तर दुसरे येते. आठव्या क्रमांकाच्या खेळाडूला त्या दिवशी एकही चेंडू खेळावा लागला नाही तरी सलामीवीराने मोकळेपणाने केलेल्या साठ धावांत त्याचा वाटा असतो. हा वाटा धावफलकात कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

२०१५च्या विश्वचषकात साखळीतच गारद झालेल्या इंग्लंडने ऑइन मॉर्गनच्या नेतृत्वाखाली आपला खेळ आमूलाग्र बदलला, तेव्हा साऱ्या जगाने कौतुक केले ते जेसन रॉय आणि जॉनी बेअरस्टो यांच्या आक्रमक सलामीचे. त्या आक्रमणाचा पाया मात्र खाली होता. जून २०१५ मध्ये एजबॅस्टनला न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडची अवस्था ६ बाद २०२ झाली असताना जोस बटलर आणि आदिल रशीद यांनी सातव्या विकेटसाठी १७७ धावा जोडल्या आणि इंग्लंडने प्रथमच एकदिवसीय सामन्यात चारशेचा टप्पा ओलांडला. रशीदच्या नावावर प्रथम श्रेणीत दहा शतके आहेत, आणि असा खेळाडू पुढे या संघात दहाव्या क्रमांकापर्यंत खाली येऊ लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला श्रीलंकेविरुद्ध ६ बाद ८२ वरून ख्रिस वोक्सने आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ९५ धावा केल्या आणि लियाम प्लंकेटने अखेरच्या चेंडूवर षटकार मारून सामना बरोबरीत सोडवला. असे दोन-तीन सामने झाले की वरच्या फलंदाजाच्या मनातील भीती आपोआप कमी होते. २०१९चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला त्यामागे ही खोली होती, असे मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडील उदाहरण अधिक वेदनादायक आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर बांगलादेशविरुद्ध गोलंदाजी करताना हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि तो विश्वचषकातून बाहेर पडला. एका हार्दिकची जागा भरण्यासाठी संघाला दोन बदल करावे लागले: फलंदाजीसाठी सूर्यकुमार यादव आला, आणि आठव्या क्रमांकावर थोडीफार फलंदाजी करू शकणाऱ्या पालघरच्या शार्दूल ठाकूरऐवजी मोहम्मद शमी आला. शमीने सात सामन्यांत २४ बळी घेतले, स्पर्धेत त्याच्याहून अधिक बळी कुणाचेच नव्हते, आणि त्याला वगळायला हवे होते असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्या बदलाची एक किंमत होती, आणि भारत सलग दहा सामने जिंकत गेल्यामुळे ती किंमत चुकवण्याची वेळ अंतिम सामन्यापर्यंत आली नाही.

अहमदाबादमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरलेल्या त्या अंतिम सामन्यात पहिल्या दहा षटकांत भारताच्या २ बाद ८० धावा झाल्या होत्या आणि लगेचच ८१ वर श्रेयस अय्यर बाद झाला. त्यानंतर विराट कोहली आणि के. एल. राहुल यांनी ६७ धावांची भागीदारी केली, पण तिला १०९ चेंडू लागले. उरलेल्या चाळीस षटकांत मिळून भारताला केवळ चार चौकार मारता आले. राहुलच्या त्या १०७ चेंडूंतील ६६ धावांवर पुढे बरीच टीका झाली. मला ती टीका अर्धवट वाटते. खेळपट्टी संथ होती, ऑस्ट्रेलियाची गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण अप्रतिम होते, हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते: राहुलच्या मागे जडेजा आणि सूर्यकुमार हे दोघे संपले की शमी, बुमराह, कुलदीप आणि सिराज होते. म्हणजे सहावी विकेट पडली की डाव जवळजवळ संपला, हे क्रीझवरच्या दोघांनाही ठाऊक होते. अशा वेळी फलंदाज फटका मारण्यासाठी हात उचलतो आणि आवरतो. २४० धावांचा तो डाव मला म्हणूनच मधल्या फळीचे अपयश वाटत नाही, त्याची मुळे संघाच्या रचनेत होती.

पंधरा महिन्यांनी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या वेळी रचना नेमकी उलट होती. अक्षर पटेल पाचव्या, राहुल सहाव्या, हार्दिक सातव्या आणि रवींद्र जडेजा आठव्या क्रमांकावर. न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात २५२ धावांचा पाठलाग करताना बिनबाद १०५ वरून भारताची ३ बाद १२२ अशी घसरण झाली, पुढेही विकेट्स पडत राहिल्या, तरी पाठलाग कधी हाताबाहेर गेल्यासारखा वाटला नाही. रोहित शर्माने सुरुवातीला ज्या मोकळेपणाने ८३ चेंडूंत ७६ धावा केल्या, तो मोकळेपणा त्याला कुठून मिळाला हे पाहण्यासाठी संघाच्या यादीतील खालची चार नावे वाचावीत. विजयी चौकार जडेजाने मारला. त्याच्या धावा होत्या नाबाद ९.

आता पुन्हा गहुंजेकडे वळतो, कारण या विषयावरचा सर्वांत बोलका सामना तिथेच झाला आणि करोनामुळे तो रिकाम्या प्रेक्षागृहात झाला. २८ मार्च २०२१ रोजी इंग्लंडविरुद्धच्या मालिकेच्या निर्णायक सामन्यात भारताचा डाव ३२९ धावांत आटोपला, आणि तोही ४८.२ षटकांत, म्हणजे दहा चेंडू वाया गेले. त्या डावात शार्दूलने २१ चेंडूंत तीन षटकारांसह ३० धावा केल्या होत्या. इंग्लंडची ६ बाद १६८ अशी स्थिती असताना सॅम करन आठव्या क्रमांकावर आला, त्याने रशीदबरोबर ५७ आणि मार्क वूडबरोबर ६० धावा जोडल्या आणि अखेरच्या षटकात १४ धावा हव्या असताना टी. नटराजनने त्याला रोखले. करन ९५ धावांवर नाबाद राहिला, इंग्लंड ७ धावांनी हरले आणि सामनावीर पराभूत संघाचा ठरला. सात धावांचा फरक, वाया गेलेले दहा चेंडू आणि शार्दूलचे तीस: हे तीन आकडे शेजारी ठेवले की तळाच्या फलंदाजीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपण तो सामना जिंकलो म्हणून न खेळलेल्या त्या दहा चेंडूंचा विषय तिथेच मिटला. हरलो असतो तर महिनाभर तोच विषय झाला असता.

तळाच्या फलंदाजांविषयीचा एक जुना आक्षेप सरासरीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल बेव्हनने २३२ सामन्यांत ५३.५८च्या सरासरीने ६९१२ धावा केल्या, पण तो ६७ वेळा नाबाद राहिला म्हणून ही सरासरी फुगलेली आहे, असे म्हटले जाते. महेंद्रसिंग धोनीच्या ५०.५७ या सरासरीबद्दलही, तो ८४ वेळा नाबाद राहिल्यामुळे, हेच ऐकू येते. मला हा आक्षेप पटत नाही. पाठलागात शेवटपर्यंत नाबाद राहणे हेच ज्याचे काम आहे, त्याने ते काम केल्याबद्दल त्याच्या खात्यातून काहीतरी वजा करावे, यात कोणता न्याय आहे? १ जानेवारी १९९६ रोजी सिडनीत वेस्ट इंडिजविरुद्ध १७३ धावांच्या लक्ष्यासमोर ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८ होते. बेव्हनने नाबाद ७८ धावा केल्या आणि रॉजर हार्परच्या अखेरच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना सरळ चौकार मारला. २००३च्या विश्वचषकात पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडविरुद्ध २०५ धावांचा पाठलाग करताना ८ बाद १३५ वरून त्याने अँडी बिकेलच्या साथीने सामना जिंकून दिला. बेव्हन षटकारांसाठी कधीच ओळखला गेला नाही. मोकळी जागा शोधणे, एकाच्या दोन धावा करणे आणि कोणत्या गोलंदाजाची किती षटके शिल्लक आहेत याचा हिशेब डोक्यात ठेवणे, ही त्याची शस्त्रे होती. फिनिशर म्हणजे केवळ ताकदवान फटकेबाज, ही समजूत टी-ट्वेंटीच्या काळात पक्की झाली. एकदिवसीय सामन्यात ६ बाद ३८ वर आलेल्या माणसापुढे तीस षटके पडलेली असतात, आणि तिथे तीन षटकार मारून काहीही साध्य होत नाही.

सिडनीच्या त्या सामन्यात बेव्हनला साथ देणाऱ्या पॉल रायफलच्या ३४ धावा होत्या, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. तळाच्या फलंदाजीचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे: दुसरे टोक. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर अफगाणिस्तानच्या २९१ धावांसमोर ऑस्ट्रेलियाची अवस्था एकोणिसाव्या षटकात ७ बाद ९१ झाली आणि कर्णधार पॅट कमिन्स मैदानात आला. पुढे जे घडले ते ग्लेन मॅक्सवेलच्या नावावर इतिहासात जमा झाले, आणि ते योग्यच आहे. १२८ चेंडूंत नाबाद २०१, त्यांत २१ चौकार आणि १० षटकार, पाठलागातील पहिले द्विशतक, आणि तेही पायांत गोळे येऊन धावणे अशक्य झालेले असताना, जागेवर उभे राहून केवळ हातांच्या जोरावर. पण त्या २०२ धावांच्या अभेद्य भागीदारीत कमिन्सचा वाटा होता १२ धावांचा, आणि त्यासाठी तो ६८ चेंडू खेळला. त्या ६८ चेंडूंकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. रशीद खान, मुजीब आणि नूर अहमद या फिरकी गोलंदाजांपुढे एक गोलंदाज दीड तासाहून अधिक काळ उभा राहिला, समोर षटकारांची आतषबाजी चालू असताना त्याने एकदाही आपणही हात मोकळे करावेत असा मोह होऊ दिला नाही, आणि सहकाऱ्याला धावता येत नसल्यामुळे सहज मिळणाऱ्या एकेरी धावाही त्याने सोडल्या. १७.६४चा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे धावांचा वेग, असलेली ती खेळी त्या विश्वचषकातील सर्वांत मौल्यवान खेळींपैकी एक होती, असे म्हणताना मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. १९८३ मध्ये टनब्रिज वेल्सला कपिल देवच्या नाबाद १७५ धावांच्या समोरच्या टोकाला सय्यद किरमाणी नाबाद २४ होता. ८ बाद १४० वरून त्या दोघांनी अभेद्य १२६ धावा जोडल्या. किरमाणी लगेच बाद झाला असता तर कपिलची ती खेळी शतकापुढे फार काळ टिकली नसती.

दुसरे टोक नसले की काय होते, हे १९९९च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दिसले. दक्षिण आफ्रिकेच्या लान्स क्लूजनरने त्या स्पर्धेत खालच्या क्रमांकावर येऊन १४०.५०च्या सरासरीने २८१ धावा केल्या आणि १७ बळी घेतले. एजबॅस्टनला अखेरच्या षटकात नऊ धावा हव्या असताना त्याने पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारून धावसंख्या बरोबरीत आणली, आणि चौथ्या चेंडूवर दुसऱ्या टोकाचा अॅलन डोनाल्ड धावबाद झाला. सामना बरोबरीत सुटला, पण अंतिम फेरीत ऑस्ट्रेलिया गेले. १६ चेंडूंत नाबाद ३१ करणारा माणूस हरलेल्या चेहऱ्याने परतला.

मराठी खेळाडूंपैकी या कामासाठी मी पुण्याच्या केदार जाधवचे नाव आदराने घेईन. ७३ सामने, ४२.०९ची सरासरी आणि शंभराहून अधिक स्ट्राइक रेट. जानेवारी २०१७ मध्ये घरच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग करताना ४ बाद ६३ वर येऊन त्याने ७६ चेंडूंत केलेल्या १२० धावा सर्वांना आठवतात. मला त्याहून मोठी वाटते ती २८ सप्टेंबर २०१८ची दुबईतील नाबाद २३ धावांची खेळी. आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध २२३ धावांचा पाठलाग चालू असताना मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे त्याला मैदान सोडावे लागले. जडेजा आणि भुवनेश्वर कुमार यांनी डाव सावरला, ती जोडी फुटल्यावर केदार लंगडत परत आला आणि अखेरच्या चेंडूवर लेग बाय घेऊन त्याने सामना संपवला. विजयी धाव त्याच्या खात्यात जमाही झाली नाही.

बांगलादेशने आपल्याला हा धडा फार कडवटपणे दिला, तो डिसेंबर २०२२ मध्ये. मीरपूरला पहिल्या सामन्यात १८७ धावांचे लक्ष्य गाठताना ते ४ बाद १२८ वरून ९ बाद १३६ झाले, आणि तिथून आठव्या क्रमांकाच्या मेहदी हसन मिराझने मुस्तफिझूर रहमानला साथीला घेऊन अखेरच्या विकेटसाठी नाबाद ५१ धावा जोडल्या. तीन दिवसांनी, ६ बाद ६९ वरून, त्याच मिराझने नाबाद १०० धावा केल्या आणि भारत तो सामना ५ धावांनी हरला. त्याच सामन्यात अंगठ्याला दुखापत झालेला रोहित नवव्या क्रमांकावर येऊन २८ चेंडूंत नाबाद ५१ करून गेला. मालिका दोन्ही संघांच्या वरच्या फळीने गमावली होती आणि ती जिंकली एका आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाने.

हे सर्व ठाऊक असूनही सरावाच्या जाळ्यात त्यांच्या वाट्याला काय येते? महाराष्ट्रातील क्लबांच्या मैदानांवर मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: सलामीच्या फलंदाजांना नवे चेंडू आणि ताजेतवाने गोलंदाज मिळतात, आणि आठव्या-नवव्या क्रमांकाच्या मुलांची पाळी येते तेव्हा उजेड कमी झालेला असतो, गोलंदाज थकलेले असतात आणि कुणीतरी ‘चल, चार फटके मारून घे’ म्हणते. जुना चेंडू, अचूक यॉर्कर, समोर दहा धावांची गरज आणि एकच विकेट शिल्लक, अशा स्थितीचा सराव त्यांना कुणी देत नाही. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या जोडीने दोघांचीही शतके करत २३२ धावा जोडल्या. तो चार-पाच दिवसांचा सामना होता, तिथला हिशेब निराळा असतो, पण गुणवत्ता कुठे दडलेली आहे हे त्यातून कळते.

जुलै २०२५ पासून एकदिवसीय सामन्यांच्या नियमात जो बदल झाला आहे, त्यामुळे हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. २०११च्या अखेरीपासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळे नवे चेंडू वापरले जात होते, त्यामुळे पन्नासाव्या षटकातही चेंडू जेमतेम २५ षटके जुना असे, टणक असे आणि बॅटवरून वेगाने जात असे. आता ३४ षटकांनंतर त्या दोनपैकी एकच चेंडू निवडून उरलेला डाव खेळायचा आहे. म्हणजे अखेरच्या षटकात तो चेंडू ३३ षटके जुना, मऊ आणि खरबरीत झालेला असेल, रिव्हर्स स्विंगला, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळवण्याला, वाव मिळेल आणि नव्याने आलेल्या फलंदाजाला पहिल्या चेंडूपासून सीमारेषा गाठणे पूर्वीइतके सोपे राहणार नाही. माझ्या अंदाजाने बेव्हनच्या घडणीचा फलंदाज पुन्हा महत्त्वाचा ठरेल, जो एकेरी-दुहेरी धावांवर डाव खेचत नेईल आणि तळाच्या सोबत्याला जपत खेळेल. २०२७चा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तिथल्या उसळत्या खेळपट्ट्यांवर भारताला चौथा वेगवान गोलंदाज खेळवण्याचा मोह होईल आणि तो रास्तही असेल, पण त्या चौथ्या गोलंदाजाची निवड करताना त्याच्या बळींच्या रकान्याशेजारी फलंदाजीचा रकानाही तितक्याच गांभीर्याने वाचावा, आणि तोपर्यंत त्याला आठव्या क्रमांकावर खरेखुरे चेंडू खेळायला मिळतील अशी व्यवस्था करावी, ही माझी निवड समितीकडून अपेक्षा आहे.